देवलीच्या छावणीवर फिरणारा एक मजकूर आणि त्यातला प्रत्येक मुद्दा

भारत-चीन सीमेवर काही घडलं की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो: ‘१९६२ च्या युद्धात सरकारने फक्त चीनच्या नागरिकांना, तेही संशयितांनाच, राजस्थानात देवलीला नेऊन ठेवलं. लोक चिडलेले होते, म्हणून त्यांच्याच सुरक्षेसाठी. काही महिने सरकारी खर्चाने खाऊ-पिऊ घातलं. ज्यांना चीन प्यारा होता ते जहाजात बसून गेले, बाकीचे सुखरूप घरी परतले. युद्धात प्रत्येक देश हेच करतो. उगाच जुनं उकरून सैन्याला आणि देशाला बदनाम करू नका.’

मजकूर छोटा आहे, पण त्यात सात-आठ वेगवेगळे दावे आहेत आणि ते एकमेकांना धरून उभे आहेत. म्हणून एकेक सुटा करून पाहायला हवा. एक आधीच सांगतो. इथे सैन्याचा प्रश्नच नाही. देवलीला चिनी वंशाची माणसं पाठवण्याचा निर्णय मुलकी सरकारचा होता, अटका पोलिसांनी केल्या आणि कायदे संसदेने केले. तवांग-बोमडिला आणि लडाखमध्ये लढलेल्या जवानांचं नाव या वादात ओढणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

आणखी एक किरकोळ खुलासा, कारण मराठी वाचकांचा इथे हमखास गोंधळ होतो: ही देवली राजस्थानच्या टोंक जिल्ह्यातली. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीशी तिचा काही संबंध नाही. ब्रिटिशांची ही जुनी लष्करी वसाहत. १९४० नंतर ब्रिटिशांनी याच देवलीत जयप्रकाश नारायण, श्रीपाद अमृत डांगे अशांना विनाचौकशी डांबलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी नागरिकही इथे होते. स्वतंत्र भारताने ती जागा पुन्हा त्याच कामासाठी वापरली.

‘ते चीनचे नागरिक होते’

सगळा मजकूर या एका वाक्यावर टेकलेला आहे, म्हणून इथे जास्त थांबू.

भारतीय राज्यघटनेच्या कलम ५ नुसार २६ जानेवारी १९५० रोजी ज्याचं कायम वास्तव्य भारतात होतं आणि जो भारतात जन्मला होता, तो नागरिक ठरतो. आई किंवा वडील भारतात जन्मलेले असले तरी ठरतो. त्याआधी सलग पाच वर्षं इथे राहत असला तरी ठरतो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी १९५५ चा नागरिकत्व कायदा आहे. त्याच्या कलम ३ ची मूळ रचना अगदी साधी होती: २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक. आईवडील कोण, हे विचारलंच जात नव्हतं. अपवाद दोनच होते. एक परकीय राजदूतांच्या मुलांचा आणि दुसरा शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात शत्रू नागरिकाच्या पोटी जन्मलेल्या मुलांचा. आसामातल्या माकुममध्ये, शिलाँगमध्ये किंवा दार्जिलिंगमध्ये १९५० ते १९६२ दरम्यान जन्मलेलं मूल या दोन्ही अपवादांत बसत नाही. ही जन्मावर आधारित मोकळी तरतूद १९८७ मध्ये आवळली गेली.

याचा अर्थ काय होतो ते नीट पाहा. देवलीत नेलेल्यांमध्ये बारा वर्षांखालची जी मुलं भारतात जन्मलेली होती, ती सरकारच्याच कायद्याने भारतीय नागरिक होती. पाळण्यातली, शाळेत पाटी घेऊन जाणारी, सगळी. ‘फक्त चीनचे नागरिक’ हे वाक्य इथेच कोसळतं.

मोठ्यांचं काय? आसामात १८३८ च्या सुमारास चहाच्या मळ्यांसाठी चिनी कामगार आणले गेले. त्यातल्या अनेकांनी स्थानिक मुलींशी लग्नं केली, आणि माकुमची चिनी वस्ती अशा कुटुंबांतून वाढली. १९६२ पर्यंत त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या झाल्या होत्या. घरात आसामी, हिंदी चालायची. आई आसामी किंवा मळ्यातली आदिवासी असलेली घरं होती. कलम ५ ची अट यातल्या बहुतेक प्रौढांनी एक नव्हे, दोन-दोन प्रकारे पूर्ण केलेली होती.

मग ते कागदावर परकी कसे झाले? इथे तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली गोष्ट पासपोर्टची. ज्यांच्याकडे पासपोर्ट होते त्यांच्याकडे च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारचे होते. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) नव्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली आणि ते पासपोर्ट एका दिवसात निरुपयोगी झाले. ज्यांनी कम्युनिस्ट सरकारचा पासपोर्ट घेतला नाही ते बिनदेशाचे झाले. १९६२ मध्ये ‘कम्युनिस्ट चीनचे हस्तक’ म्हणून उचलले गेले त्यात हेही होते.

दुसरी गोष्ट, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करा असं सांगितलं की माणसं करत. चांभारकाम, सुतारकाम, हॉटेल चालवणाऱ्या माणसाला घटनेचं कलम ५ कोण वाचून दाखवणार? पण अशी नोंद झाली म्हणून नागरिकत्व आपोआप जात नाही. ते जाण्यासाठी माणसाने ते स्वतः रीतसर सोडावं लागतं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. तेव्हा लागू असलेल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याचं कलम ९ म्हणत होतं की आपण परकी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच. सिद्ध कशाने करायचं? जन्मदाखल्याने. आणि जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा झाला १९६९ मध्ये. १९२० साली चहामळ्याच्या वस्तीत जन्मलेल्या माणसाकडे कागद कुठून येणार?

एवढं असूनही काही जण नागरिक असल्याचं दाखवू शकले असते. त्यांनाही धरता यावं म्हणून कायदाच बदलला गेला. ३० ऑक्टोबर १९६२ च्या अध्यादेशाने आणि त्याच्या जागी संसदेने केलेल्या कायद्याने परकीय नागरिक कायद्याची कक्षा वाढवली. जो माणूस, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कुणी, किंवा ज्याच्या आजी-आजोबांपैकी कुणीही, कधीकाळी भारताशी युद्ध करणाऱ्या वा भारतावर बाह्य आक्रमण करणाऱ्या देशाचा नागरिक होता, त्याला तो कायदा लागू झाला. ‘बाह्य आक्रमण’ हे शब्द मुद्दाम घातले होते, कारण दोन्ही बाजूंनी युद्ध रीतसर पुकारलेलंच नव्हतं. आजोबा चिनी असला की पुरे. ज्या सरकारला खात्री होती की आपण फक्त परकी नागरिकांना धरतोय, त्याला आजोबापर्यंत जाण्याची गरज पडली नसती.

‘संशयितांनाच उचललं’

संशय व्यक्तीवर असतो. ३ नोव्हेंबर १९६२ चा स्थानबद्धतेचा आदेश व्यक्तींवर नव्हता, प्रदेशावर होता: आसाम (तेव्हा शिलाँगही आसामातच होतं) आणि पश्चिम बंगालचे उत्तरेकडचे पाच जिल्हे. त्या पट्ट्यात चिनी वंशाचं घर असेल तर घरातली सगळी माणसं.

या ठिकाणी मजकूर फिरवणारे मुंबईचं उदाहरण देतात: माझगावच्या चिनी लोकांना कुणी हात लावला नाही, म्हणजे निष्पाप सुटले. हा तर्क उलटा आहे. माझगावात डॉकयार्ड रोडजवळ १९१९ पासूनचं चिनी देऊळ आहे, आजूबाजूला चिनी कुटुंबं होती. तिथे आसामसारखी घरंच्या घरं उचलली गेली नाहीत, ती या कुटुंबांची कुणी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं म्हणून नव्हे. त्यांचा पत्ता त्या पट्ट्यात नव्हता म्हणून. माझगावातला चांभार आणि माकुमचा सुतार यांच्या वागण्यात काही फरक होता असं कुणी कधी दाखवलेलं नाही. आणि हात लावला नाही हेही पूर्ण खरं नाही. चिनी वंशाच्या माणसांना नोंदलेल्या पत्त्यापासून २४ तासांहून जास्त दूर राहायचं तर परवानगी घ्यावी लागे. नाशिकला लग्नाला जायचं तरी पोलिसांत अर्ज.

खऱ्या संशयितांसाठी कायदा नव्हता का? होता, आणि चांगला कडक होता. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९६२ मध्ये पूर्ण चालू होता. त्यात खटल्याशिवाय माणसाला अडकवता येत असे. पण त्याला काही अटी होत्या. स्थानबद्धाला कारणं लवकरात लवकर, पाच दिवसांच्या आत कळवायची. तीस दिवसांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचं. मंडळाने दहा आठवड्यांत अहवाल द्यायचा. जास्तीत जास्त मुदत बारा महिने. उत्तर बंगालमधल्या कलिंपाँगमध्ये हेरांचा वावर होता ही गोष्ट खोटी नव्हती. खुद्द नेहरूंनी त्या गावाला हेरांचं घरटं म्हटलं होतं. कलकत्ता-मुंबईतल्या बँक ऑफ चायनाच्या शाखांकडे संशयाने पाहायला कारणं असतील, आणि त्या शाखा बंदही झाल्या. तिथे हा कायदा लावा, नावानिशी कारण लिहा, मंडळापुढे न्या. कुणाची हरकत नसती. देवलीच्या बाबतीत ही वाट धरली नाही, कारण प्रत्येकासाठी कारण लिहावं लागलं असतं आणि सहा वर्षांच्या मुलीसाठी किंवा सत्तरीच्या आजीसाठी लिहायला कारण नव्हतं.

उलट जे संरक्षण होतं तेही काढून घेतलं. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) साठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित झाला. शिवाय कलम २२ मध्येच एक खाच आहे: अटकेची कारणं कळण्याचा, वकील देण्याचा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचा हक्क ‘शत्रू परकीया’ला, म्हणजे शत्रू देशाच्या नागरिकाला, मिळत नाही. एकदा माणसाला त्या खान्यात टाकलं की दार बंद. देवलीत ठेवलेली माणसं आरोपपत्राशिवाय, खटल्याशिवाय आत राहिली आणि तशीच बाहेर आली.

‘त्यांच्याच सुरक्षेसाठी’

या दाव्यात खऱ्याचा अंश आहे. लोक चिडलेले होते. चिनी हॉटेलांवर, दुकानांवर दगडफेक झाली. पण माणसाला संरक्षण देणं आणि त्याला कैद करणं यातला फरक ओळखायला फार हुशारी लागत नाही. तीन प्रश्न विचारा. त्या माणसाला नको असेल तर बाहेर पडता येतं का? त्याच्या घरादाराचं संरक्षण झालं का? धोका टळल्यावर त्याला सोडलं का?

पहिल्याचं उत्तर काटेरी तारेने दिलेलं आहे.

दुसऱ्यासाठी माकुमसारख्या ठिकाणी नेमकं काय झालं ते बघावं लागेल. पोलीस दारात आले आणि थोड्या दिवसांसाठी चला म्हणाले. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी, फार तर एक जोड बरोबर घेऊन निघाली. मागे राहिलं ते चालतं दुकान, फळीवरचा माल, उधारीची वही, गोठ्यातली डुकरं, कोंबड्या. अशा वेळी प्रशासनाने करायची कामं ठरलेली असतात: दोन पंचांसमोर पंचनामा, सामानाची यादी, कुलूप आणि सील, किल्लीची पावती, जनावरं आणि नाशवंत माल कुणाच्या ताब्यात दिला त्याची नोंद. घरात कुणीच उरलं नसताना यातलं एक काम जरी राहिलं तरी चोरी, बळकावणं आणि लिलाव यांना वाट मोकळी होते, आणि सुटून आलेल्या माणसाकडे कोर्टात दाखवायला चिठोराही उरत नाही. सुटून आलेल्यांनी सांगितलेल्या हकिकतींमध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते: परत गेलो तर घर लिलावात गेलेलं, आत दुसरंच कुणी राहत होतं.

आणि ज्या गाडीने त्यांना नेलं तिची हकिकत या दाव्याला सगळ्यात जड जाते. आसामातून राजस्थानात पोचायला सुमारे आठवडा लागला. डब्यांवर शत्रूची गाडी असं लिहिलं होतं आणि स्टेशनांवर जमाव दगड-चपला मारत होता, असं त्या गाडीत बसलेल्या अनेकांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. ज्यांना जमावापासून वाचवायचं आहे त्यांच्या डब्यावर कुणी ‘शत्रू’ लिहीत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दाव्यात आहे.

‘काही महिने’

तारखा ओळीने लावू. लढाई सुरू झाली २० ऑक्टोबर १९६२ ला. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली २१ नोव्हेंबरला. आसामातली मोठी धरपकड नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. त्यानंतर स्थानिक तुरुंगात काही दिवस, मग आठवड्याचा प्रवास. म्हणजे यातली बरीच माणसं देवलीच्या फाटकातून आत गेली तेव्हा तोफा थंडावल्या होत्या.

आत गेलेल्यांची संख्या सुमारे तीन हजार सांगितली जाते. काही कुटुंबं काही महिन्यांत सुटली हे खरं. पण शेवटची माणसं बाहेर आली १९६७ मध्ये. महिनाभराच्या लढाईसाठी साडेचार वर्षं. जे मूल सात वर्षांचं असताना आत गेलं ते बारा वर्षांचं होऊन बाहेर आलं.

युद्धकाळात नागरिकांच्या संरक्षणासाठी असलेल्या जिनिव्हाच्या चौथ्या कराराला भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यासाठी देशात कायदाही केला. तो करार युद्ध पुकारलं नसलं तरी लागू होतो. त्याचं कलम ४२ म्हणतं की देशाच्या सुरक्षेसाठी अगदी अटळ असेल तरच स्थानबद्धता. कलम ४३ म्हणतं की कोर्टाने किंवा मंडळाने लवकरात लवकर फेरविचार करावा आणि पुढे वर्षातून निदान दोनदा करावा. कलम ९७ म्हणतं की स्थानबद्धाकडून काही काढून घेतलं तर तपशीलवार पावती द्यावी. कलम १३२ म्हणतं की कारण संपलं की सोडावं. हा करार परकी नागरिकांसाठी आहे. म्हणजे मजकूर म्हणतो तसं ती सगळी माणसं चीनचीच होती असं घटकाभर धरलं, तरी वर्षातून दोनदा प्रत्येकाचा फेरविचार व्हायला हवा होता. साडेचार वर्षांत असे नऊ.

‘सरकारी खर्चाने खाऊ-पिऊ घातलं’

सुरुवातीच्या दिवसांत हजारोंचा स्वयंपाक एकत्र होई, आणि भात अर्धाकच्चा असे, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक हकिकतीत आहे. पुढे कोरडा शिधा आणि थोडे पैसे मिळू लागले व कुटुंबं आपापलं रांधू लागली. सुधारणा झाली, ती नोंदवायलाच हवी. पण आसाम-दार्जिलिंगच्या पावसाळी डोंगराळ हवेतून आलेल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना राजस्थानची थंडी आणि मग उन्हाळ्यातली लू, दोन्ही सोसावी लागली. काही जण तिथेच वारले. मुलांच्या शाळा सुटल्या त्या सुटल्याच.

आणि पोटभर जेवण मिळालं असतं तरी प्रश्न जेवणाचा नव्हता. ज्याचं स्वतःचं हॉटेल होतं त्याला सरकारी शिध्यासाठी रांगेत उभं करून वर उपकार सांगायचे, हे मनाला पटत नाही.

‘ज्यांना चीन प्यारा होता ते गेले’

१९६३ मध्ये चीनने मद्रासला जहाजं पाठवली. तीन खेपांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. हा आकडा खुल्या पसंतीचा पुरावा म्हणून दिला जातो.

पसंती खुली असायला दोन खरे पर्याय लागतात. छावणीतल्या माणसापुढे एका बाजूला जहाज होतं आणि दुसऱ्या बाजूला मुदत न सांगितलेली कैद. घरी जा, असं कुणी म्हणत नव्हतं. आसाम आणि उत्तर बंगाल चिनी वंशाच्या लोकांना आता बंद झाले होते. घर-दुकान गेल्याच्या बातम्या आत पोचत होत्या. अशा वेळी बापाने लेकराबाळांना घेऊन जहाज धरलं, तर तो त्याने देशावरच्या प्रेमापोटी दिलेला कौल कसा मानायचा?

गेलेल्यांतल्या अनेकांना चिनी धड येत नव्हती. कुटुंबं फुटली: एक भाऊ जहाजात, एक छावणीत, आसामी आई मागे माकुमला. आणि तिकडे गेल्यावर काय वाढून ठेवलं होतं? १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत भारतातून आलेल्या या माणसांकडे भारताचे हेर म्हणून पाहिलं गेलं. दोन्ही देशांनी त्यांना एकाच शब्दाने ओळखलं.

‘बाकीचे सुखरूप घरी परतले’

घरी म्हणजे कुठे? आसाम-उत्तर बंगालच्या प्रतिबंधित क्षेत्रात परत राहायला परवानगी नव्हती किंवा मिळायला वर्षं लागली. अनेकांना कलकत्त्याला जाऊन शून्यापासून सुरुवात करावी लागली, दर ठरावीक काळाने पोलिसांत हजेरी देत. पुढच्या दशकांत जमेल त्यांनी कॅनडा गाठला. देवलीतून सुटलेल्यांची संघटना आज टोरोंटोत आहे, कोलकात्यात नाही.

मालमत्तेचा धागा थेट मुंबईत येतो. शत्रू मालमत्तेच्या कस्टोडियनचं, म्हणजे अशी मालमत्ता ताब्यात ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय अनेक दशकं बॅलार्ड इस्टेटच्या कैसर-ए-हिंद इमारतीत होतं. आधी भारत संरक्षण नियमांखाली आणि मग १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्याखाली शत्रू देशांच्या नागरिकांच्या मालमत्ता कस्टोडियनकडे गेल्या. सरकारने सांगितलेल्या आकड्यांनुसार पाकिस्तानी नागरिकांच्या ९,२८० आणि चिनी नागरिकांच्या १२६ मालमत्ता त्याच्याकडे होत्या. १२६ हा आकडा लहान वाटतो तो यासाठी, की माकुमच्या सुताराचं बांबूचं घर आणि त्यातली हत्यारं या यादीपर्यंत पोचलीच नाहीत. ती स्थानिक पातळीवर विकली गेली, नाहीतर नुसतीच नाहीशी झाली.

‘युद्धात प्रत्येक देश हेच करतो’

अनेक देशांनी केलं. अमेरिकेने फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत टाकलं, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. पण वाक्य तिथे संपत नाही. अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये निष्कर्ष काढला की यामागे लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष, युद्धज्वर आणि नेतृत्वाचं अपयश ही कारणं होती. १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले गेले. त्याच वर्षी कॅनडाने माफी मागून २१ हजार कॅनेडियन डॉलर दिले. ‘सगळे करतात’ म्हणताना हा उत्तरार्धही सांगावा.

सगळ्यांनी सरसकट केलं हेही खरं नाही. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले ते हवाईत. तिथे दीड लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक होते, लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक. धोका असलाच तर सगळ्यात जास्त तिथे होता. तिथे सरसकट स्थानबद्धता झाली नाही. दोन हजारांच्या आत माणसं धरली गेली, बाकीची गोदीत, शेतात कामं करत राहिली आणि त्यांनी घातपात केला नाही. ब्रिटनने १९३९ मध्ये सुमारे ७३ हजार जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना न्यायाधिकरणांपुढे एकेकटं उभं केलं आणि त्यातल्या ५६९ जणांना धोकादायक ठरवलं. १९४० च्या उन्हाळ्यात घाबरून तेही सरसकट धरपकडीवर उतरले, पण संसदेत त्यावर टीका झाली आणि बहुतेकांना टप्प्याटप्प्याने सोडलं गेलं.

सगळ्यात जवळचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडून तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. त्यात हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूही होते. मग सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची मुलाखत घेतली आणि अनेकांना सोडलं. पुढे पुरंदर आणि साताऱ्याला कुटुंबांसाठी वेगळ्या छावण्या झाल्या. हे सरकार काही दयाळू नव्हतं. पण माणूस समोर बसवून त्याला प्रश्न विचारणं युद्धाच्या काळातही शक्य असतं, एवढं तरी त्याने दाखवलं. तीन हजारांसाठी १९६२ मध्ये अशा दहा समित्या बसवता आल्या असत्या. दिवसाला एका समितीने दहा माणसं तपासली तरी महिन्याभरात काम उरकलं असतं.

‘जुनं उकरू नका’

जुनं संपलेलं नाही, म्हणून. तेव्हा शाळकरी असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि हयात आहेत. २०१७ मध्ये त्यातली काही टोरोंटोहून ओटाव्याला भारतीय उच्चायुक्तालयाशी पत्र घेऊन गेली. सरकारने चूक झाली एवढं मान्य करावं, ही त्यांची मागणी.

कायद्याची बाजूही अर्धीच दुरुस्त झाली आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ स्थगित करता येत नाही, ही मोठी सुधारणा. पण कलम २२ मधली ‘शत्रू परकीया’ची खाच तशीच आहे, आणि तिच्यात कुणाला बसवायचं हे ठरवताना स्वतंत्र तपासणी कुणी करायची, हे घटनेत लिहिलेलं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने शत्रू मालमत्ता कायद्यातल्या ‘शत्रू’च्या व्याख्येत वारसही आले, ते भारताचे नागरिक असले तरी. १९६२ च्या कायद्याने नातवाला आजोबाच्या नागरिकत्वावरून शत्रू ठरवलं होतं. मालमत्तेपुरता तो नियम आजही चालू आहे.